बॅकअप प्रणालींचे अद्ययावतीकरण

संगणकांवरील माहितीच्या राखीव प्रती म्हणजेच बॅकअप घेणाऱ्या आणि मूळ माहिती नष्ट झाल्यास ती या प्रतींवरून पुन्हा उभी करणाऱ्या प्रणालीत अनेक संगणक एकत्र काम करीत असतात. या सर्व संगणकांवर प्रणालीच्या सॉफ्टवेअरची परस्परांशी जुळणारी, ज्ञात दोष दूर केलेली आणि उत्पादकाचे साहाय्य उपलब्ध असलेली आवृत्ती राखण्याच्या कार्यास बॅकअप प्रणालींचे अद्ययावतीकरण असे म्हणतात. वरवर पाहता हे काम इतर कोणत्याही सॉफ्टवेअरच्या देखभालीसारखेच वाटते. तथापि एका बाबतीत ते वेगळे आहे. जमाखर्चाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिघाड झाल्यास तो वापरणाऱ्याच्या त्याच दिवशी लक्षात येतो. बॅकअप प्रणालीतील बिघाड मात्र बहुधा राखीव प्रतीची गरज पडते त्या दिवशीच उघडकीस येतो आणि तोपर्यंत तो दुरुस्त करण्याची वेळ निघून गेलेली असते. [⟶ संगणक].

प्रणालीचे घटक : मध्यम व मोठ्या संस्थांतील बॅकअप प्रणालीत सामान्यतः तीन प्रकारचे संगणक असतात. मुख्य सर्व्हर हा कोणत्या संगणकावरील कोणती माहिती केव्हा घ्यावयाची व किती काळ ठेवावयाची हे ठरवितो आणि घेतलेल्या प्रत्येक फाइलीची नोंद एका सूचीत ठेवतो. या सूचीवाचून प्रतींचा साठा म्हणजे तालिका-पत्रे नसलेले ग्रंथालय होय. ग्रंथ आत असतात, पण हवा तो सापडत नाही. माध्यम सर्व्हर ही माहिती प्रत्यक्ष डिस्कवर वा चुंबकीय टेपवर लिहितो. ज्यांच्यावरील माहितीची प्रत घ्यावयाची ते कार्यालयातील वा प्रयोगशाळेतील संगणक म्हणजे क्लायंट होत. प्रत्येक क्लायंटवर एजंट नावाचा एक छोटा प्रोग्रॅम बसविलेला असतो. त्याला सर्व फाइली वाचता याव्यात व प्रसंगी परत लिहिता याव्यात म्हणून त्या संगणकावरील जवळजवळ सर्वोच्च अधिकार दिलेले असतात. ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. लहान संस्थांत मुख्य व माध्यम या दोन्ही सर्व्हरांची कामे एकच संगणक करतो.

यांपैकी प्रत्येक संगणकावर सॉफ्टवेअरचे अनेक थर असतात. यंत्रसामग्रीत कायम बसविलेला प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर, त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम, मुख्य सर्व्हरवर सूचीसाठी वापरलेला डेटाबेस आणि सर्वांत वर बॅकअपचे सॉफ्टवेअर असे हे थर होत. प्रत्येक थराचा उत्पादक बहुधा निराळा असतो व प्रत्येकाच्या नव्या आवृत्तीचे वेळापत्रकही निराळे असते. केवळ वरचा थर अद्ययावत केला म्हणजे प्रणाली अद्ययावत झाली, असे होत नाही.

पॅच आणि पॅच-पातळी : पॅच या शब्दाचा मूळ अर्थ ठिगळ असा आहे आणि संगणकाच्या आरंभकाळात तो शब्दशः खरा होता. हार्व्हर्ड विद्यापीठात १९४४ मध्ये कार्यान्वित झालेल्या मार्क १ या यंत्राचे प्रोग्रॅम कागदी पट्टीवर छिद्रे पाडून नोंदविलेले असत. त्यांत चूक आढळल्यास चुकीच्या छिद्रांवर कागदाचा तुकडा चिकटवीत. पुढे कागदी पट्टी गेली, शब्द मात्र राहिला. आज संपूर्ण प्रोग्रॅम न बदलता त्याचा एखादा दोषयुक्त भाग बदलणाऱ्या दुरुस्तीस पॅच म्हणतात.

सॉफ्टवेअरची आवृत्ती बहुधा टिंबांनी तोडलेल्या अंकांनी दर्शवितात. उदा., ८.३.२ या क्रमांकातील ८ हा अंक मुख्य आवृत्तीचा, ३ हा लहान सुधारणांचा व २ हा दुरुस्त्यांचा निदर्शक असतो. एखाद्या संगणकावर कोणत्या दुरुस्तीपर्यंतचे काम झाले आहे, ते त्याच्या पॅच-पातळीवरून कळते. मात्र सर्वच उत्पादक हे संकेत सारख्या काटेकोरपणे पाळत नाहीत. शेवटचा अंक बदलला म्हणजे बदल किरकोळच असेल, असे गृहीत धरणे धोक्याचे असते. क्रमांकाबरोबर प्रसिद्ध होणारी माहितीपत्रके वाचावीच लागतात.

अद्ययावतीकरणाचा क्रम : या विषयातील सर्वांत महत्त्वाचा नियम क्रमाविषयी आहे : प्रथम मुख्य सर्व्हर, नंतर माध्यम सर्व्हर आणि शेवटी क्लायंट. यामागील कारण साधे आहे. नव्या आवृत्तीच्या रचनाकारांना जुन्या आवृत्तीची भाषा ठाऊक असते, म्हणून नवा सर्व्हर जुन्या क्लायंटशी बोलू शकतो. जुन्या सर्व्हरला मात्र भविष्यातील क्लायंट काय पाठवील याची कल्पना असणे शक्य नसते. नेटबॅकअप या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये मुख्य सर्व्हरची आवृत्ती माध्यम सर्व्हरच्या आवृत्तीइतकी किंवा तिच्यापेक्षा नवी व माध्यम सर्व्हरची क्लायंटच्या आवृत्तीइतकी किंवा तिच्यापेक्षा नवी असावी लागते. बॅक्युला या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नियंत्रण करणारा व साठवण करणारा हे दोन्ही भाग एकाच आवृत्तीचे असावे लागतात. क्लायंटवरील भाग जुना असला तरी चालतो, नवा असून चालत नाही.

जुन्या क्लायंटला मिळणारी ही सवलत अमर्याद नसते. उत्पादक ठराविक जुन्या आवृत्त्यांपर्यंतच सुसंगती राखतो व तिचे कोष्टक प्रसिद्ध करतो. मुख्य सर्व्हर दोनतीनदा अद्ययावत केला आणि एखादा क्लायंट कोपऱ्यात विसरला गेला, तर तो एक दिवस या मर्यादेबाहेर पडतो. नियम उलट दिशेनेही मोडतो. एखादा उत्साही कर्मचारी नवा संगणक आल्यावर त्यावर बाजारातील सर्वांत नवा एजंट बसवितो आणि सर्व्हर मात्र मागील वर्षीचा असतो. व्यवहारात हाच प्रकार अधिक आढळतो.

सूची आणि परतीचा मार्ग : मुख्य सर्व्हरची आवृत्ती बदलताना सूचीच्या डेटाबेसची रचनाही कित्येकदा बदलते. हे रूपांतर बहुधा एकाच दिशेने होते. नव्या रचनेतील सूची जुन्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही. त्यामुळे अद्ययावतीकरण फसल्यास जुने सॉफ्टवेअर पुन्हा बसवून भागत नाही, त्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशी जुनी सूचीही हाताशी असावी लागते. याकरिता काम सुरू करण्यापूर्वी चालू असलेली सर्व कामे थांबवून सूचीची स्वतंत्र प्रत घेतात आणि ती मुख्य सर्व्हरबाहेर ठेवतात. जुन्या आवृत्तीचे मूळ संच व परवान्याची माहितीही तिच्यासोबत ठेवणे इष्ट असते. उत्पादक जुने संच आपल्या संकेतस्थळावर कायम ठेवीलच, असे नाही.

न कळणारे अपयश : आवृत्त्या न जुळल्याने काय घडू शकते, याचे पूर्ण तपशीलांसह प्रसिद्ध झालेले उदाहरण गिटलॅब या कंपनीचे आहे. ही कंपनी जगभरातील प्रोग्रॅमरांचे काम आपल्या सर्व्हरांवर साठविते. ३१ जानेवारी २०१७ रोजी एका तंत्रज्ञाकडून दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवरील सुमारे ३०० गिगॅबाइट माहिती पुसली गेली. राखीव प्रत शोधली असता प्रतींची साठवण रिकामी आढळली. कंपनीचा डेटाबेस पोस्टग्रेस-क्यूएलच्या ९.६ या आवृत्तीचा होता. त्याची प्रत घेणारा प्रोग्रॅम मात्र ९.२ या आवृत्तीचा चालविला जात होता. हा प्रोग्रॅम आपल्याहून नव्या मुख्य आवृत्तीच्या डेटाबेसची प्रत घेण्यास नकार देतो व थांबतो. तो प्रत्येक वेळी तसाच थांबत होता. अपयशाचे ई-मेल संदेशही निघत होते, परंतु त्यांवर आवश्यक ती ओळख-स्वाक्षरी नसल्याने टपाल सर्व्हर ते नाकारीत होता. एका तंत्रज्ञाने वेगळ्याच कामासाठी सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली प्रत सुदैवाने शिल्लक होती. तिच्यावरून सेवा पुन्हा उभी राहिली. मधल्या काळातील माहिती कायमची गेली. ही सर्व हकीकत कंपनीने आपण होऊन प्रसिद्ध केली, हे येथे आवर्जून नोंदविले पाहिजे. अशा घटना पुष्कळ संस्थांत घडतात, पण त्या सहसा चार भिंतींबाहेर येत नाहीत.

या घटनेत बॅकअप प्रणाली बिघडली होती असे म्हणता येत नाही. तिचा प्रत्येक भाग आपल्या नियमानुसार वागत होता. दोन भागांच्या आवृत्त्यांत अंतर पडले होते आणि ते अंतर सांगणारा संदेश कोणापर्यंत पोहोचत नव्हता. म्हणून बॅकअप यशस्वी झाल्याचा संदेश न येणे हीच धोक्याची सूचना मानण्याची पद्धत ठेवावी लागते. केवळ अपयशाच्या संदेशाची वाट पाहणे पुरेसे नसते.

अद्ययावतीकरण न केल्याचे परिणाम : पूर्वी बॅकअप प्रणालीचे शत्रू म्हणजे आग, पूर, डिस्कचा बिघाड व मानवी चूक हे होते. यांपैकी कोणासही राखीव प्रत कोठे आहे याची कल्पना नसते. खंडणीसाठी माहिती कुलूपबंद करणाऱ्या रॅन्समवेअरमुळे ही परिस्थिती पालटली. राखीव प्रत शाबूत असेल तर खंडणी कोणी देत नाही, हे आक्रमक जाणतो. म्हणून तो प्रथम बॅकअप सर्व्हर गाठतो. एजंटला असलेले सर्वोच्च अधिकार आणि सर्व संगणकांशी असलेला सर्व्हरचा संपर्क या प्रणालीच्या सोयी त्याच्याही सोयी ठरतात.

बॅकअप एक्झेक या सॉफ्टवेअरच्या एजंटमधील तीन दोष मार्च २०२१ मध्ये २१.२ या आवृत्तीत दुरुस्त करण्यात आले. ओळख पटविण्याची एक जुनी पद्धत वापरातून गेली होती, परंतु प्रोग्रॅममध्ये तशीच जागी राहिली होती; तिच्यातून आत शिरता येत असे. दुरुस्ती उपलब्ध होऊन १९ महिने उलटल्यावर, ऑक्टोबर २०२२ मध्ये, एका रॅन्समवेअर टोळीशी संबंधित आक्रमकांनी हेच दोष वापरल्याचे आढळले. इंटरनेटवरून थेट दिसणारे असे ८,५०० हून अधिक संगणक असल्याचे मँडियंट या सुरक्षा-कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये नमूद केले. पुढे ही मुदत झपाट्याने आखडत गेली. व्हीम या कंपनीच्या बॅकअप सर्व्हरमधील एका गंभीर दोषाची दुरुस्ती सप्टेंबर २०२४ च्या आरंभी प्रसिद्ध झाली आणि ऑक्टोबरमध्ये तो दोष वापरून केलेले रॅन्समवेअरचे हल्ले नोंदले गेले. एकेकाळी बॅकअपचे सॉफ्टवेअर वर्षातून एकदा, मोठ्या सुटीत अद्ययावत करण्याची प्रथा होती. ती आता टिकण्याजोगी राहिलेली नाही.

अद्ययावतीकरणाचे धोके : तथापि प्रत्येक दुरुस्ती मिळताक्षणी सर्वत्र बसविणे हाही उपाय नव्हे. जपानमधील क्योटो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये महासंगणकाच्या बॅकअपसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पुरवठादाराने सुधारणा केली. या प्रोग्रॅमचे एक काम दहा दिवसांहून जुन्या नोंदवह्या पुसण्याचे होते. जुना प्रोग्रॅम चालू असतानाच त्याच्यावर नवी आवृत्ती लिहिली गेली. अशा प्रकारचे प्रोग्रॅम चालताना फाइलीतून थोडे थोडे वाचले जातात. परिणामी अर्धा भाग जुना व पुढचा भाग नवा असे चमत्कारिक मिश्रण चालले, नोंदवह्यांच्या जागेचे नाव रिकामे राहिले आणि पुसण्याची आज्ञा नोंदवह्यांऐवजी संशोधकांच्या फाइलींवर लागू झाली. १४ ते १६ डिसेंबर या काळात १४ संशोधन-गटांच्या सुमारे ३ कोटी ४० लक्ष फाइली, एकूण ७७ टेराबाइट माहिती, नष्ट झाली. चार गटांची माहिती परत मिळविता आली नाही. पुरवठादार कंपनीने चुकीची संपूर्ण जबाबदारी स्वीकारली. सुधारणेचा हेतू प्रोग्रॅम अधिक वाचनीय करणे हा होता, ही त्यातील खेदाची बाब होय.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरची एक सदोष सुधारणा जगभर एकाच वेळी पोहोचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लक्ष विंडोज संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. पुष्कळ संस्थांनी या सॉफ्टवेअरची आवृत्ती मुद्दाम एक पायरी मागे ठेवलेली होती. ती खबरदारी उपयोगी पडली नाही, कारण सदोष भाग आवृत्तीचा नसून रोज येणाऱ्या माहितीच्या फाइलीचा होता आणि त्यास ते धोरण लागू नव्हते. आपल्या धोरणात कोणते बदल येतात व कोणते त्याला वळसा घालून येतात, हे उत्पादकास विचारून घेणे आवश्यक असते.

न्हावा-शेवा येथील घटना : महाराष्ट्रात या प्रश्नाची सर्वाधिक झळ बसलेली घटना २०१७ सालची आहे. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका दोषाची दुरुस्ती प्रसिद्ध केली. १२ मे रोजी त्याच दोषाचा उपयोग करणारे वॉनाक्राय हे रॅन्समवेअर जगभर पसरले. २७ जून रोजी नॉटपेट्या हे त्याहून विध्वंसक सॉफ्टवेअर पसरले. त्याचा उगम युक्रेनमध्ये जमाखर्चासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरण-यंत्रणेत होता. आक्रमकांनी ती यंत्रणाच ताब्यात घेतली होती. ज्यांनी सुधारणा निमूटपणे स्वीकारली त्यांच्याकडे ते प्रथम पोहोचले. एकदा आत शिरल्यावर ते वरील दोषाचा उपयोग करून, तसेच संगणकाच्या स्मृतीतील परवलीचे शब्द चोरून शेजारच्या संगणकांवर जाई. त्यामुळे जाळ्यातील एखादाच संगणक दुरुस्तीवाचून राहिला असला, तरी तेथून चोरलेल्या परवलीच्या शब्दांनी दुरुस्ती केलेले संगणकही बळी पडत.

मर्स्क या डॅनिश नौवहन-समूहाचे जाळे अशा रीतीने काही तासांत कोसळले आणि रायगड जिल्ह्यातील जवाहरलाल नेहरू बंदरात त्या समूहाच्या कंपनीकडून चालविल्या जाणाऱ्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. कंटेनरांची नोंद हाताने करावी लागली. युक्रेनमधील जमाखर्चाच्या प्रोग्रॅमचे पडसाद उरणच्या रस्त्यांवर उमटावेत, हे त्या वेळी पुष्कळांना नवल वाटले.

समूहाला पुढील दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. त्यांत एक अडचण अशी आली, की कोणता वापरकर्ता कोण व त्याचे अधिकार कोणते याची नोंद ठेवणारे सुमारे १५० सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवीत असत. एक गेला तर दुसऱ्यावरून तो उभा करता येईल, अशी ती कल्पना होती. सर्व एकदम जातील, हे गृहीत धरलेले नव्हते. घाना देशातील कार्यालयातील असा एक सर्व्हर वीज गेल्यामुळे हल्ल्याच्या वेळी बंद होता, म्हणून तो वाचला आणि त्याच्यावरून सर्व जाळे पुन्हा उभे राहिले. सतत जुळवून ठेवलेली प्रत आणि बॅकअप या भिन्न गोष्टी आहेत, हे पाठ्यपुस्तकांत पूर्वीपासून लिहिलेले होते. या घटनेने ते सर्वांना पटले.

शिक्षणसंस्थेतील व्यवस्था : मोठ्या कंपन्यांची उदाहरणे प्रसिद्ध असली, तरी हा प्रश्न लहान गावांतील संस्थांनाही तितकाच लागू होतो. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात मंचरनजीक अवसरी खुर्द येथे २००९ मध्ये सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय आहे. अशा ग्रामीण भागातील तंत्रशिक्षणसंस्थेची साधारण रचना नमुन्यादाखल डोळ्यांपुढे आणली, म्हणजे प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. कार्यालयात प्रवेश, शुल्क व आस्थापनेची माहिती असते. विभागांत विद्यार्थ्यांचे प्रकल्प व प्राध्यापकांचे संशोधन असते. प्रयोगशाळांत रांगेने मांडलेले सारखे संगणक असतात आणि एखाददुसरा संगणक मापनयंत्राला कायमचा जोडलेला असतो.

पहिली अडचण क्लायंट बंद असण्याची. दिवाळीच्या व उन्हाळी सुटीत प्रयोगशाळा बंद असतात, वीजपुरवठाही मधूनमधून खंडित होतो. रात्री दोन वाजता बसवावयाची दुरुस्ती त्या वेळी बंद असलेल्या संगणकापर्यंत पोहोचत नाही. सुटीनंतर सर्व संगणक एकदम सुरू होतात आणि साचलेल्या सर्व दुरुस्त्या एकदम मागतात. समजा, ६० संगणकांना प्रत्येकी १ गिगॅबाइटची दुरुस्ती हवी आहे आणि संस्थेकडे सेकंदाला १० मेगॅबिट वेगाची जोडणी आहे. प्रत्येक संगणकाने ती स्वतंत्रपणे उतरविल्यास संपूर्ण वेग मिळूनही सुमारे १३ तास लागतील. तीच दुरुस्ती संस्थेतील एका सर्व्हरवर एकदा उतरवून घेतल्यास सुमारे १३ मिनिटे पुरतात व पुढील वाटप संस्थेच्या अंतर्गत जाळ्यातून होते. नेटबॅकअपमध्ये ८.१.२ या आवृत्तीपासून मुख्य सर्व्हरकडूनच क्लायंटांना नवी आवृत्ती देण्याची सोय अंतर्भूत आहे; इतर सॉफ्टवेअरांतही अशा सोयी आढळतात.

दुसरी अडचण मापनयंत्राला जोडलेल्या संगणकाची. यंत्र उत्तम चालत असते, पण त्याचे सॉफ्टवेअर विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ वरच चालते. या दोहोंच्या दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने अनुक्रमे एप्रिल २०१४ व जानेवारी २०२० मध्ये थांबविल्या. बॅकअपचा नवा एजंट त्यांवर बसत नाही. लक्षावधी रुपयांचे यंत्र केवळ त्याच्या संगणकापायी मोडीत काढणे कोणत्याही संस्थेस परवडणारे नसते. अशा वेळी तो संगणक उर्वरित जाळ्यापासून अलग ठेवतात, त्यावरील माहिती ठराविक वेळी एका अद्ययावत संगणकावर आणतात व तेथून तिची राखीव प्रत घेतात. एका जुन्या क्लायंटसाठी संपूर्ण सर्व्हर जुन्या आवृत्तीवर अडकवून ठेवणे ही सोपी वाटणारी तडजोड आहे, पण ती टाळावी.

या सर्वांच्या आधी हवी ती एक नोंदवही. प्रत्येक संगणकाचे नाव, तो कोठे आहे, त्यावरील ऑपरेटिंग सिस्टिम, एजंटची आवृत्ती, शेवटचा यशस्वी बॅकअप आणि त्या संगणकाची जबाबदारी कोणाकडे, एवढे रकाने पुरतात. प्रगत साधनांनी ती आपोआप तयार होते. साध्या तक्त्यावरही भागते. मात्र आपोआप तयार होणाऱ्या यादीत ज्या संगणकांवर एजंट आहे तेच दिसतात. ज्यांवर तो कधी बसविलाच नाही ते दिसत नाहीत आणि नेमके त्यांचेच बॅकअप नसतात. म्हणून वर्षातून एकदा खोल्यांतून फिरून प्रत्यक्ष मोजणी करणे हास्यास्पद मानू नये.

दुरुस्त्या बसविण्याचे काम टप्प्याटप्प्याने करतात. प्रथम ज्याच्यावर काही महत्त्वाचे नाही अशा चाचणीच्या सर्व्हरवर व दोनतीन क्लायंटांवर, नंतर एका विभागात आणि मग सर्वत्र. दोन टप्प्यांत किती दिवस ठेवावयाचे हे दोषाच्या गांभीर्यावर अवलंबून असते. ज्याचा उपयोग करून हल्ले सुरू झालेले आहेत अशा दोषासाठी एकदोन दिवसांहून अधिक थांबू नये; सोयीच्या सुधारणांसाठी महिनाभर थांबण्यास हरकत नाही. परीक्षा व प्रवेश यांच्या काळात केवळ गंभीर दोषांच्या दुरुस्त्या बसवाव्यात. प्रत्येक टप्प्यानंतर पाहावयाची गोष्ट नवा आवृत्ती-क्रमांक ही नव्हे. नव्या आवृत्तीने घेतलेल्या प्रतीवरून एक फाइल परत आणणे आणि जुन्या आवृत्तीने घेतलेल्या प्रतीवरून एक फाइल परत आणणे, या दोन्ही चाचण्या कराव्या लागतात. दुसरी चाचणी बहुतेक ठिकाणी राहून जाते.

जुनी माध्यमे : दीर्घकाळ जपावयाच्या माहितीबाबत आवृत्तीचा प्रश्न सॉफ्टवेअरपुरता राहत नाही. एलटीओ या प्रकारच्या चुंबकीय टेपचा पहिला संच २००० मध्ये बाजारात आला. सातव्या पिढीपर्यंतच्या टेप-यंत्रांना आपल्या मागील दोन पिढ्यांच्या टेप वाचता येत. आठव्या पिढीत ही मर्यादा मागील एका पिढीवर आली. सहाव्या पिढीच्या टेपवर माहिती ठेवून संस्थेने पुढे आठव्या पिढीचे यंत्र घेतले व जुने विकून टाकले, तर टेप निर्दोष असूनही वाचता येत नाही. म्हणून यंत्र बदलण्यापूर्वी जुन्या टेपवरील माहिती नव्या टेपवर उतरवून घेतात. हे काम कंटाळवाणे व वेळखाऊ असते आणि खरेदीच्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद क्वचितच केलेली असते.

भारतातील निर्देश व पुण्याचा वाटा : रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी प्रसृत केलेल्या मूलभूत सायबर-सुरक्षा चौकटीत दुरुस्त्यांचे व्यवस्थापन आणि महत्त्वाच्या माहितीची जाळ्यापासून अलग केलेली राखीव प्रत या दोहोंचा समावेश आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटनांची माहिती सहा तासांत कळविणे व संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपणे आवश्यक आहे. कोणती दुरुस्ती केव्हा बसविली हे या नोंदींवरूनच सिद्ध करता येत असल्याने त्यांचाही बॅकअप घ्यावा लागतो.

या क्षेत्रातील सॉफ्टवेअरच्या निर्मितीत पुणे शहराचा वाटा मोठा आहे. नेटबॅकअपचा उगम १९८७ मध्ये क्रायस्लर या अमेरिकन मोटार-कंपनीसाठी केलेल्या कामात आहे. १९९७ मध्ये ते वेरिटास या कंपनीकडे आले आणि या कंपनीचे एक महत्त्वाचे विकास-केंद्र पुण्यात होते. पुढे २००५ मध्ये वेरिटास सिमँटेकमध्ये विलीन झाली, २०१६ मध्ये पुन्हा वेगळी झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिचा माहिती-संरक्षणाचा व्यवसाय कोहेसिटी या कंपनीत गेला. मालकीतील अशा बदलांचा परिणाम गावोगावच्या व्यवस्थापकालाही जाणवतो : दुरुस्त्या मिळण्याचे संकेतस्थळ, परवान्याची पद्धत व साहाय्याच्या मुदती बदलतात आणि जुने पत्ते निरुपयोगी होतात.

पुण्यातच २००८ मध्ये जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे व रमणी कोठंडरामन यांनी ड्रुवा ही कंपनी स्थापन केली. दूरस्थ सर्व्हरांवर, म्हणजे क्लाउडवर चालणाऱ्या तिच्या सेवेत मुख्य सर्व्हर व सूची कंपनीकडे असतात आणि त्यांचे अद्ययावतीकरण तीच करते. लहान संस्थांच्या दृष्टीने हा मोठा दिलासा असला, तरी सर्व्हर केव्हा बदलावयाचा हे ठरविण्याचा अधिकार त्याबरोबर संस्थेच्या हातून जातो. क्लायंटवरील एजंट, त्याखालील ऑपरेटिंग सिस्टिम आणि दिवाळीच्या सुटीत बंद असलेले प्रयोगशाळेतील संगणक हे मात्र पूर्वीप्रमाणेच संस्थेच्या जबाबदारीत राहतात.